बराकाची रांग

बराका कुठेही गेला की आधी एकच प्रश्न विचारायचा, "शेवटचं कोण?" पोस्टात, दवाखान्यात, बसस्टॉपवर. ज्यानं हात वर केला त्याच्या मागे हा सहा फुटी माणूस जाऊन उभा राहायचा, आणि मग त्याचा जीव शांत व्हायचा. एकदा त्याला बर्मिंगहॅमच्या आमच्या मंडळाच्या गणपतीला नेलं. सेक्रेटरी म्हणाले, पाहुणे आहेत, त्यांना आधी वाढा. हा ताट घेऊन सरळ मागे गेला. त्याचा नंबर येईपर्यंत मसालेभात संपला होता. वरण आणि दोन पुऱ्या खाऊन तो खूश. मी मात्र चिडलो. पाहुणा माझा होता, मान माझा गेला.

मी चौथी शिकलेला माणूस. जन्मभर इथल्या फाउंड्रीत लोखंड ओतलं. मला कुणी शहाणपण शिकवलेलं खपत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तो आमच्याकडे राहायला आला तेव्हा बावीस वर्षांचा होता. काँगोतलं गाव जळालं, मग युगांडातल्या छावणीत नऊ वर्षं काढली, तिथून त्याला या देशानं आणलं. माझा मुलगा कार्डिफला गेल्यामुळे वरची खोली रिकामी होती. शेजारची मेरी चर्चमधून अशा लोकांचं बघायची. तिनं विचारलं आणि मी नाही म्हणायच्या आत आमच्या कुसुमनं हो म्हणून टाकलं. पहिल्या दिवशी त्यानं मला बाबा म्हटलं. त्यांच्याकडेही बापाला बाबाच म्हणतात. आईला मात्र मामा. कुसुमला तो "मामा" म्हणायला लागला तेव्हा ती पदर तोंडाला लावून दिवसभर हसत होती. मग तिला त्याची सवय झाली. आपल्या पोटच्या पोरानं इतक्या हाका मारल्या नसतील.

तो दिवसा वेअरहाऊसमध्ये खोकी उचलायचा आणि संध्याकाळी कॉलेजला जायचा. ऑफिसांनी टाकून दिलेले कंप्युटर बसमधून मांडीवर घेऊन यायचा. बघता बघता खोलीत आठ झाले. सगळे वायरींनी एकमेकांना बांधलेले. मी म्हटलं, हा काय भंगारवाला झालाय का? तर म्हणाला, "बाबा, एका म्हाताऱ्या हमालाला मोठं ओझं उचलत नाही. आठ म्हातारे मिळून उचलतात. फक्त कुणी कुठं धरायचं, हे सांगणारा हवा." त्या आठांच्या मागे चांगली ऊब असायची. इथल्या थंडीत कुसुमचं दही कधी धड लागलं नव्हतं, ते तिथं घट्ट लागायला लागलं. मग खालून हुकूम सुटायचा, बराका, आज बंद करू नकोस रे, विरजण ठेवलंय.

सुट्टीत माझी नात इरा कार्डिफहून यायची. दहा वर्षांची होती. ती त्याच्या शेजारी बसून गणितं सोडवायची आणि त्याला बराकाका म्हणायची. तिचा हुशारपणा माझा, पण तिला गणिताची गोडी त्यानं लावली. खोटं कशाला बोलू?

पुढे तो युनिव्हर्सिटीत शिकला. तिथल्याच मशीनघरात केबली ओढायला लागला, मग मशीन चालवायला, आणि शेवटी केंब्रिजला एका सुपरकंप्युटरवर मोठ्या जागेवर गेला. आम्हा दोघांना बघायला घेऊन गेला होता. हॉलभर काळी कपाटं, समोरून गार वारा, मागून गरम. आत शिरल्यावर कानात तोच घोंगाट भरला, आमच्या भट्टीच्या पंख्यांचा. मी कपाटाच्या मागे तळहात धरून बघितला. त्याचा इंग्रज साहेब शेजारी उभा होता. मी त्याला म्हटलं, हा माझ्या घरात शिकलाय. साहेब हसला. बराका नाही हसला. तो म्हणाला, "खरं आहे."

तिथं त्याचं काम काय, ते मला समजलं तसं सांगतो. देशभरातली शिकलेली माणसं आपली मोठमोठी गणितं त्या मशीनकडे पाठवतात. मशीन एक आणि गणितं ढीगभर. मग ती रांगेत लागतात. कुणाचं आधी, कुणाचं नंतर, ते मशीनच नियमानं ठरवतं. पण अडीअडचणीला एखाद्याचं काम वर सरकवायची मुभा दोघातिघांच्या हातात असते. त्यातला एक बराका.

आणि इराचं काम त्याच मशीनच्या रांगेत येऊन पडलं. ती तेव्हा कार्डिफला हृदयातून रक्त कसं वाहतं, त्यावर पीएचडी करत होती. फोनवर म्हणाली, "आजोबा, शुक्रवारपर्यंत रिझल्ट पाठवले नाही तर ती नोकरीची पोस्ट गेला. माझा गणिताचा जॉब अजून मशीनच्या रांगेतच आहे." ती आमची इथं जन्मलेली, मराठी असंच बोलते. तिनं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. पण घरचा माणूस त्या खुर्चीत बसलेला असताना शब्द टाकायचा नाही, तर माणसं जोडायची कशाला? फोन ठेवला आणि लगेच बराकाला लावला.

म्हटलं, इराचं काम वर घे. तो म्हणाला, तिच्या पुढे लोक आहेत, बाबा. मी म्हटलं, असतील. ते माझ्या घरात राहिले नव्हते.

"एकाचं वर सरकवलं की दुसऱ्याचं खाली जातं," तो म्हणाला. "स्क्रीनवर त्याचं तोंड दिसत नाही, एवढंच."

मी आयुष्यात फार थोड्यांकडे काही मागितलंय. फोन ठेवून दिला.

इराचं काम सोमवारी चाललं. पोस्ट दुसऱ्या कुणाला मिळाली. आता ती इथं बँकेत आहे. बरी आहे म्हणते. उलट माझ्यावरच चिडली. म्हणाली, आजोबा, तुम्ही त्याला असं का विचारलंत, मला किती लाज वाटला. तिचं आणि त्याचं बोलणं कधीच थांबलं नाही. कुसुमचंही नाही. मी मात्र घरात त्याचं नाव काढू दिलं नाही. दिवाळीला तो मिठाई घेऊन आला तर तो जाईपर्यंत मी वरच्या खोलीत बसून राहिलो. त्याच्याच खोलीत. खाली कुसुम त्याला म्हणत होती, त्यांचा स्वभाव तुला ठाऊक आहे ना. दोन वर्षं अशी गेली.

मग कुसुम गेली. तिचे दिवस झाल्यावर तो आला. घरात मी एकटाच. दार उघडावंच लागलं. स्वयंपाकघरात समोर बसला आणि मी न विचारता बोलायला लागला.

छावणीत परदेशी जाणाऱ्यांची यादी असायची. त्याचा काका ती लिहिणाऱ्या कारकुनाच्या हाताखाली होता. बराकाचं नाव फार खाली होतं. काकानं ते एका कुटुंबाच्या नावांच्या वर सरकवलं. जोसेफ नावाचा शिंपी, बायको नाही, दोन मुली, एस्तेर आणि नीमा. बराकाचं विमान सुटलं आणि त्यानंतर यादी बंद झाली. त्यानं पुढे जोसेफला पुष्कळ पत्रं पाठवली. उत्तर नाही.

"रांग कुणी हलवू नये म्हणून मी त्या कामावर गेलो, बाबा," तो म्हणाला.

मी म्हटलं, "म्हणजे स्वतः पोटभर जेवलास आणि मग स्वयंपाकघराला कुलूप लावलंस. उपाशी राहिली माझी नात."

त्यानं वाद घातला असता तर बरं झालं असतं. "हो बाबा," म्हणाला, "तसंच झालं." चहाचा कप धुऊन ठेवला, कोट घातला. मी त्याला थांब म्हटलं नाही.

आता तो वर स्कॉटलंडला, आणखी मोठ्या मशीनवर गेलाय. इरानं त्याचा नवा नंबर लिहून दिलाय. येते तेव्हा विचारते, केलात का? मी म्हणतो, त्याला हात नाहीत का?

एक गोष्ट मी कुसुमलासुद्धा सांगितली नव्हती. मी या देशात आलो तेव्हा फाउंड्रीच्या फाटकाशी कामासाठी सकाळपासून पाचजण रांगेत उभे होतो, मी शेवटचा. माझ्या मेव्हण्यानं आदल्या दिवशी फोरमनला व्हिस्कीची बाटली दिली होती. फोरमन बाहेर आला, त्यानं रांगेच्या टोकाहून मला एकट्याला आत बोलावलं आणि फाटक लावून घेतलं. ते चौघे बाहेर बर्फात राहिले. त्यांतला एक आपल्याकडचाच वाटत होता, डोक्याला मफलर गुंडाळलेला. त्याच्याशी मी तासभर बोललो होतो. काय बोललो, काही आठवत नाही. बराकाला त्याच्या शिंप्याच्या मुलींची नावंसुद्धा पाठ आहेत.

फोन मी केलेला नाही. केला तर हे सांगावं लागेल, आणि तो आधी त्या मफलरवाल्याचं नाव विचारेल.