नणंदेचा व्हिडिओ

माझ्या नणंदेला लहानपणापासून फिट येते. आमच्या घरात ते कुणी लपवलं नाही आणि त्याचा बाऊही केला नाही. सकाळ-संध्याकाळ गोळी आणि वेळेवर झोप, एवढं सांभाळलं की तिचं सगळं सुरळीत चालायचं. सुरतेत, उधन्याच्या एका साडीच्या कारखान्यात ती दिवसभर उभी राहून घडी-पॅकिंग करायची आणि घरी आल्यावर माझ्याशी भांडायलाही तिच्यात ताकद उरायची. कितीतरी वर्षं तिला झटका आला नव्हता.

त्या रविवारी आला. गोडादऱ्याच्या शाकमार्केटात, ऐन उन्हात. तिचा उपवास होता आणि सकाळची गोळी घ्यायची राहून गेली होती. मी थोडं पुढे कोथिंबीर निवडत होते. मागे गलका झाला, वळून पाहिलं तर माणसांचं कोंडाळं. ती कुठे दिसेना. मी पिशवी तिथेच टाकून धावले.

"बाजूला व्हा, माझी नणंद आहे ती!" मी ओरडत होते. कुणी हलेना. सगळ्यांचे हात वर आणि हातात मोबाईल. "विडियो उतार, विडियो उतार," एकजण गुजरातीत आपल्या मित्राला सांगत होता, लग्नाच्या वरातीत सांगावं तसं. मी कोपरांनी रेटत आत घुसले. ती जमिनीवर पडली होती, मान मागे गेलेली, तोंडाला फेस, कुर्ता वर सरकलेला. एका शहाण्यानं तिच्या नाकाशी चप्पल धरली होती. ती मी हिसकावून फेकली. तिला कुशीवर वळवलं, कुर्ता नीट केला, ओढणीची घडी डोक्याखाली सरकवली. एवढ्या गर्दीतून एकच बाई पुढे आली. कांदे विकणारी. तिनं आपलं रिकामं पोतं दोन्ही हातांनी उघडून आमच्यापुढे आडोसा धरला आणि त्या मोबाईलवाल्यांना हिंदीत अशा शिव्या हासडल्या की मला आजही त्या ऐकाव्याशा वाटतात.

झटका ओसरला. रिक्षा करून आम्ही घरी आलो, तर सासूबाई दारातच उभ्या. "काय व्हयनं वं माय माझ्या पोरीले?" त्या रडत होत्या. शिरपूरहून त्यांच्या भाचीचा फोन येऊन गेला होता. आमची रिक्षा पोचायच्या आत व्हिडिओ खानदेशात पोचला होता!

मग तो फिरतच राहिला. समाजाच्या ग्रुपवर आला तेव्हा त्यावर लिहिलं होतं, 'भरबाजारात अंगात देवी आली, दर्शन घ्या.' खाली हात जोडलेल्यांची रांग. दुसऱ्या कुणी त्याला ढोलाचा आवाज जोडला. तिसऱ्यानं लिहिलं, 'दारू पिऊन पडलेली बाई, बघा आजच्या मुली.' हे लिहिणाऱ्याच्या घरी मुली नसतील का? असतील. त्यांनीही तो पाहिला असेल, जेवताना, वरण कालवता कालवता.

फोन सुरू झाले. नंदुरबारहून, साक्रीहून, पांडेसऱ्याहून. सगळे म्हणायचे, काळजी वाटली म्हणून केला. कुणी एका बाबाचा पत्ता दिला, कुणी गोळ्या बंद करून कसलासा काढा द्या म्हणालं. एका मावशीनं मात्र सरळ विचारलं, "आता हिचं लग्न कसं व्हईन?" मोबाईल स्पीकरवर होता आणि नणंद समोर बसली होती.

ती कामावर जाईना. कारखान्यातल्या बायकांनीही तो पाहिला होता. दिवसभर पलंगावर पडून ती स्वतःचाच व्हिडिओ बघायची आणि त्याखालचं एकेक वाक्य वाचायची. मी मोबाईल काढून घेतला की चिडायची. "वहिनी, लोक माझ्याबद्दल काय बोलतात ते मला कळायला नको का?" झोप पार उडाली. आणि इतकी वर्षं शांत असलेला आजार उठून बसला. मोरीत एक झटका, मग भाकरी थापताना दुसरा. चुलीच्या बाजूला पडली असती तर? हे कुणाच्या खात्यावर लिहायचं?

डॉक्टर गुजराती, वयस्कर. त्यांनी आधी तिचे डोळे पाहिले. "ऊंघ आवे छे, बेन?" झोप येते का, एवढाच प्रश्न. तिला रडू फुटलं. त्यांनी तिला पाणी दिलं, मग हिंदीत समजावलं की गोळी वाढवतो, पण झोपेशिवाय गोळी अर्धं काम करते. मोबाईल संध्याकाळनंतर घरातल्या दुसऱ्या माणसाकडे राहू दे.

त्या संध्याकाळी मोबाईल माझ्याकडे आला. मी तो व्हिडिओ पहिल्यांदाच आवाज चालू ठेवून पाहिला. त्यात मोबाईलच्या अगदी जवळून एक बाई म्हणत होती, "अगं माय, काय झालं हिला!" तो आवाज मी ओळखला. आमच्याच गल्लीतली बाई. व्हिडिओ फिरला त्याच्या दुसऱ्याच दिवशी केळी आणि शहाळं घेऊन आमच्याकडे येऊन गेली होती, सासूबाईंचा हात हातात घेऊन बसली होती.

मी तिच्या दारात गेले. "तो व्हिडिओ तुम्ही काढला?"

ती गोंधळली नाही. "हो. काळजीनं टाकला गं. म्हटलं कुणी ओळखीचं असेल तर घरच्यांना कळेल."

"तुम्ही ओळखत होता की तिला! तुमच्या पोरीच्या हळदीत तिनं दिवसभर पोळ्या लाटल्या. मग खाली वाकून तिला सावरलं का नाही?"

"हातात मोबाईल होता ना," ती म्हणाली.

अगदी साधेपणानं म्हणाली. जणू हातात तान्हं मूल होतं. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण गल्लीतले दरवाजे उघडले एवढं आठवतं. तिनं माझ्यासमोर तो व्हिडिओ पुसला. त्यानं काय होणार? तो शेकडो मोबाईलमध्ये जाऊन बसला होता. समाजाच्या ग्रुपवर मी लिहिलं की ही देवी नाही, दारू नाही, हा आजार आहे, आणि ही तुमच्यातलीच एक मुलगी आहे. ग्रुप चालवणाऱ्या काकांनी उत्तर दिलं, "वाद नको, ग्रुपचं वातावरण बिघडतं." माझं लिहिणं त्यांनी काढून टाकलं. व्हिडिओ तसाच राहिला. मी ग्रुप सोडला. त्यानंतर समाजातल्या दोन लग्नांची आमंत्रणं आम्हाला आली नाहीत. न येवोत.

गोळी आणि झोप हळूहळू लागू पडली. झटके थांबले, ती पुन्हा उधन्याला जाऊ लागली. पहिल्या दिवशी मी सोबत गेले, पण फाटकापाशी तिनं मला परत पाठवलं.

दिवाळीनंतर दोंडाईच्याहून एक स्थळ आलं. मुलगा, त्याचे आईवडील, एक आत्या. सासूबाईंनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, "आजारनं बोलनं नको, मंग पाहू." नणंद चहाचा ट्रे घेऊन आली, तो टेबलावर ठेवला आणि बसायच्या आधीच म्हणाली, "मला फिट येते. गोळी चालू आहे. बाजारातला व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल, तर ती मीच."

आत्यानं मुलाच्या आईकडे पाहिलं. मुलानं मान खाली घातली. त्यांनी पाहिला होता, सगळ्यांनी. चहा पिऊन "कळवतो" म्हणून ते गेले आणि त्यांनी काहीच कळवलं नाही.

सासूबाई तिच्यावर खूप चिडल्या. ती शांतपणे कपबशा उचलत होती. मला म्हणाली, "वहिनी, त्या पोरानं निदान मोबाईल तरी खिशातून काढला नाही."

मला हसू आलं नाही. अजून येत नाही.