चौथ्या मजल्यावरचा समुद्र

लग्नानंतर आम्ही मुंबईबाहेर, शांती नगरच्या अगदी टोकाच्या बिल्डिंगमध्ये, चौथ्या मजल्यावर राहायला आलो. वन रूम किचन. लिफ्ट नव्हती, वरपर्यंत पाणी चढत नव्हतं आणि उन्हाळ्यात स्लॅब असा तापायचा की पंखा लावला तर तो वरची गरम हवा ढवळून खाली आमच्या अंगावर ओतायचा. यातलं काहीच मी लातूरकडे सासरी कळवलं नाही. कळवलं ते असं : "घर ऐसपैस आहे. खिडकीतून समुद्र दिसतो. संध्याकाळी असा गार वारा सुटतो की रात्री पांघरूण घ्यावं लागतं."

खिडकीतून मिठागरं दिसायची. त्यांच्या पलीकडे दुपारी काहीतरी चमकायचं, तो समुद्र असं मी एकट्यानंच ठरवून टाकलं होतं. पांघरूण मात्र खरंच घ्यायचो. डास होते.

हे नव्वद-एक्क्याण्णवच्या आसपासचं. सासरे शाळामास्तर होते, नुकतेच रिटायर झालेले. मी त्यांना मामा म्हणायचो, बायको आबा, आणि त्यांच्यासमोर बसलो की मला उगाचच गृहपाठ राहिल्यासारखं वाटायचं. अशा माणसाला दर पंधरा दिवसांनी पत्र लिहायचं म्हणजे चांगलंच काहीतरी लिहायला हवं, म्हणून दर पत्रात समुद्र थोडा थोडा जवळ येत गेला. एका पत्रात तर मी लाटांचा आवाजही घातला.

मार्चच्या शेवटी त्यांचं आंतरदेशीय आलं. वर नेहमीसारखं 'सप्रेम जयभीम', आणि खाली एक, दोन, तीन असे आकडे टाकून मुद्दे. मागच्या मे महिन्यात त्यांना एसटी स्टँडवर ऊन लागून चक्कर आली होती, दोन दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. यंदा मे महिना गावात काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पुढे लिहिलं होतं, "थंड हवेची ठिकाणं आपल्या आवाक्यातली नाहीत. पण आपल्या सुदैवानं तुम्ही समुद्रकाठी राहता. तरी एक मे ते पंधरा जून तुमच्याकडे येण्याचं योजिलं आहे. सोबत सौ. सकाळी समुद्रावर फिरणे, दुपारी खिडकीशी वाचन."

मी पत्र वाचलं आणि घाम पुसला. घाम आधीपासूनच येत होता, पण हा वेगळा होता.

बायकोनं पत्र घेतलं, शांतपणे वाचलं आणि घडी घातली.

"समुद्र नक्की कुठून दिसतो, तेवढं मला दाखवून ठेवा," ती म्हणाली. "आबा विचारतील तेव्हा मला बोट दाखवावं लागंल."

"चेष्टा नको. काहीतरी सुचव."

"मी काय सुचवू? लाटा तुम्ही आणल्या."

मला वाटलं, जरा हुशारीनं हळूहळू माघार घ्यावी. पहिल्या पत्रात लिहिलं, यंदा इकडेही उकाडा जरा जास्तच आहे. उत्तर आलं, "रेडिओवर मुंबईचं तापमान रोज ऐकतो. आमच्यापेक्षा आठ-नऊ डिग्री कमी असतं. तुम्हाला गारव्याची सवय झाल्यामुळे उकाडा वाटत असावा." दमट हवेत माणूस भातासारखा शिजतो, हे रेडिओ सांगत नाही. दुसऱ्या पत्रात लिहिलं, पाण्याचा किंचित त्रास आहे. उत्तर आलं, "पाण्याच्या त्रासाचं आम्हाला सांगू नका." तिसऱ्यात काय लिहावं ते सुचेना, तोवर त्यांचंच कार्ड आलं. रिझर्वेशन झालं होतं. चष्म्याचा नंबरही बदलून घेतला होता, समुद्र नीट दिसावा म्हणून.

त्या चष्म्यानं माझी झोप उडवली. आत्तापर्यंत भीती होती ती फजितीची. आता डोळ्यांसमोर वेगळंच येऊ लागलं : दुपारचे दोन, तापलेला स्लॅब, लाइट गेलेली, आणि ऊन लागलेला तो माणूस चार जिने चढून खिडकीशी खुर्ची ओढून बसलाय. समुद्र शोधतोय.

मग माझ्यासारखा माणूस जे करतो ते मी केलं. खरं सांगायचं सोडून खोटं खरं करायला निघालो. एका रविवारी बस पकडून राई गावात गेलो. खाडीजवळचं जुनं गाव, थोडी हवेशीर घरं, मे महिन्यापुरती एखादी खोली भाड्यानं मिळाली तर मामांना थेट तिथेच उतरवायचं, असा बेत. एका अंगणात एक म्हातारी वाळत घातलेले बोंबील उलटे करत होती. तिला विचारलं.

"खोली कोनाला हवी?" ती म्हणाली.

"सासऱ्यांना. त्यांना उष्णतेचा त्रास आहे. इथे समुद्राचा वारा..."

"समुद्र न्हाय, खाडी हाय. वारा येतो तो सांजचा. दुपारी आमचीबी कौलं तापतात." तिनं एक बोंबील उलटा केला. "तुमी कुठं रहाता?"

"शांती नगरला."

"मंग सासरा जावयाकडं न्हाय उतरनार? हिकडं कशाला?"

का कोण जाणे, मी त्या अनोळखी बाईला सगळं सांगून टाकलं. खिडकी, पांघरूण, लाटा, एसटी स्टँड. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

"त्याला खरं ठावं न्हाय?"

"नाही."

"मंग जाऊन सांग. म्हातारा मानूस तो. तुझ्या लिवन्यापायी मरंल ना."

अहोजाहोवरून ती अरेतुरेवर कधी आली ते मला कळलंही नाही. परतीच्या बसमध्ये बसायला जागा असून मी उभा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला घेऊन नाक्यावरच्या एसटीडी बूथवर गेलो. मामांच्या गल्लीतल्या किराणा दुकानात फोन होता. निरोप दिला, दहा मिनिटांनी परत लावला. मामा लाइनवर आले. बायको बाहेर काचेला नाक लावून उभी होती.

"मामा, समुद्र दिसत नाही," मी म्हणालो.

"म्हणजे? धुकं आहे का?"

"नाही. समुद्रच नाही. मिठागरं आहेत. घर चौथ्या मजल्यावर आहे, दुपारी भट्टी होते. पाणी टँकरचं, खालून चढवावं लागतं. तुम्ही येऊ नका. तुम्हाला झेपणार नाही."

पलीकडे तराजूत काहीतरी ओतल्याचा आवाज आला. मला वाटलं, लाइन कटावी. कटली असती तर फार बरं झालं असतं.

"मग माझी मुलगी तिथं कशी राहते?" मामा म्हणाले.

महिनाभर मी सगळे प्रश्न घोकून तयार होतो. हा त्यात नव्हता. मी सकाळी सातला ऑफिसला निघायचो, टँकर यायचा दहाला. रविवारी मी घरी असायचो तेव्हा गॅलरीतून खाली वाकून, "आपला नंबर आला गं," असं सांगायचो. तेवढंच माझं काम.

"पाणी कोण चढवतं?"

मी काचेतून बाहेर पाहिलं. ती भुवया उंचावून विचारत होती, काय झालं?

"तीच," मी म्हणालो.

"सौ.चं तिकीट रद्द करतो," मामा म्हणाले. "मी येतोय."

आले. चार जिन्यांत तीनदा थांबून आले. खिडकीकडे गेलेसुद्धा नाहीत. मोरीत जाऊन पिंपात किती पाणी आहे ते पाहिलं, बस. दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये मी एकही कागद धड लिहिला नाही. प्रत्येक वेळी फोन वाजला की मीच धावत जाऊन उचलायचो. शेवटी दुपारीच रजा टाकून निघालो. गेटवर खालच्या मजल्यावरचे गुजराती शेजारी भेटले.

"अरे, आपके ससुरजी तो सुबह लाइन में खडे थे," ते म्हणाले. "चार बाल्टी ले गये. बोले, जमाई को मत बताना."

"अब कहाँ हैं?"

"वो उधर. सीढी के नीचे."

मी धावलो. जिन्याखाली, मीटरच्या बोर्डाशेजारी, मामा चटईवर आडवे होते, कपाळावर ओला पंचा. मी वाकलो. छाती हलतेय का ते बघायला आणखी वाकलो.

"वारा अडवू नका, जावईबापू," ते डोळे न उघडता म्हणाले. "दिवसा इथं बरं वाटतं. तीन वर्षं राहताय, तुम्हाला एवढं माहीत नाही." मग उशाखालून एक पोस्टकार्ड काढून माझ्या हातात दिलं. "हे टाका."

सासूबाईंच्या नावाचं उघडं कार्ड, वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. वाचलं. "इथं समुद्र नाही. घर दुपारी फार तापतं. मुलगी एकटी चार मजले पाणी चढवत होती, म्हणून मी इतक्यात परत येत नाही. जावई मनानं वाईट नाहीत, पत्र लिहिताना मात्र त्यांच्या हाताला आवर राहत नाही. त्यांची मागची सर्व पत्रं गल्लीत वाचून दाखवली होती. हेही वाचून दाखवावं."

लाटांचा आवाज अख्ख्या गल्लीनं ऐकला होता, हे मला तेव्हा कळलं.

कार्ड दोन दिवस माझ्या शर्टाच्या खिशात राहिलं. "टाकलं का?" मामांनी विचारलं. "टाकलं," मी म्हणालो. तिसऱ्या दिवशी रविवार. टँकर आला तसा मी गॅलरीत गेलो आणि सवयीनं खाली वाकलो. जिन्याच्या जाळीतून मामा दिसले, दुसऱ्या मजल्यावर. बादली खाली ठेवली होती, एक हात भिंतीला, दुसरा छातीवर. तोंड उघडं.

मी अनवाणी खाली पळालो. त्यांना पायरीवर बसवलं, पाणी पाजलं, बायकोला हाक मारली. पाच मिनिटांनी त्यांचा श्वास जागेवर आला. माझा आलाच नाही. त्यांची बादली वर नेली, मग आणखी पाच नेल्या, आणि ओल्या पायांनी तसाच नाक्यावरच्या लाल पेटीशी गेलो. घामानं कार्डावरची शाई थोडी पसरली होती, पण मास्तरांचं अक्षर, सगळं वाचता येत होतं.

टाकलं. आणि लगेच फटीतून आत दोन बोटं घालून पाहिली. बोटं जातात, कार्ड हाताला लागत नाही.