रविवारची हवा

व्हर्लिन हासे विद्यापीठाच्या पोलिसात लागला तो दोन वर्षं काढून जिल्ह्याच्या पोलिसात जाण्यासाठी. त्या गोष्टीला आता एकोणतीस वर्षं झाली. प्रशिक्षण बाहेरच्या पोलिसांचंच, पिस्तूलही तेच. तरी पोरं त्याला भाड्याचा पोलीस म्हणत. पिस्तूल कमरेवरून कधी निघालं नाही. निघाल्या त्या किल्ल्या. स्वतःच्याच खोलीबाहेर अडकलेल्या प्राध्यापकांना त्याने इतक्यांदा आत सोडलं की दोघांनी आपल्या पुस्तकात त्याचे आभार मानले. नाव दोन्हीकडे चुकलं होतं.

ऑक्टोबरात नॉर्थ डकोटाहून डोरीन ओस्टबी नावाच्या बाईंचा फोन आला. मुलगा केल्विन पहिल्या वर्षाला, तीन आठवडे फोन उचलत नाही. व्हर्लिनने वसतिगृहात जाऊन त्याचं दार वाजवलं. पडदे ओढलेले, केस वाढलेले. ठीक आहे मी, केल्विन म्हणाला. घरी फोन कर म्हटल्यावर त्याने मान हलवली. ती हो म्हणून की नको म्हणून, ते काही कळेना. समुपदेशकाचा नंबर त्याच्या हातात देऊन व्हर्लिनने वहीत लिहिलं : भेट झाली. मदत नको.

बाईंना मात्र यातलं अक्षरही सांगायची सोय नव्हती. आपली माहिती कोणालाही देऊ नये, असा अर्ज केल्विनने कचेरीत भरून ठेवला होता.

“तो इथे शिकतो की नाही, हेही मला सांगता येणार नाही, मॅम.”

“मीच आणून सोडलंय त्याला. त्याच्या गादीवर चादर मी घातलीये.”

“घातली असेल, मॅम.”

फोन ठेवणं त्याच्या जिवावर आलं. काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, इकडे आज छान ऊन आहे. त्या क्षणी खिडकीतून केल्विन जेवणघराकडे जाताना दिसत होता.

पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर बाईंनी फोन करून हवा कशी आहे, एवढंच विचारलं. इकडे हवेवर अर्धा तास बोलणं हा साधा शिष्टाचार. नियम कुठे मोडत नव्हता. केल्विन दिसला की ऊन, नाही दिसला की ढग. जानेवारीत एकदा भर हिमवादळात व्हर्लिनने लख्ख ऊन सांगितलं. बाईंनी शंका काढली नाही. फोन घेणारी मर्ना म्हणाली, “तू पोलीस आहेस की हवामान खातं? उपयोग दोन्हीकडे सारखाच म्हणा.” पण नाताळात बाईंनी पाठवलेल्या बटाट्याच्या लेफ्सा पोळ्या तिनेही खाल्ल्याच होत्या.

एप्रिलमध्ये केल्विन जिन्यात भेटला, दोन बॅगा घेऊन. विद्यापीठातून नाव त्याने रीतसर काढून घेतलं होतं. कुठे चाललास, तर बघू. आईला सांगशील ना, तर तेही बघू.

“तुम्ही नका सांगू,” तो म्हणाला.

अडवायला गुन्हा लागतो, आणि पोराने गुन्हा काही केला नव्हता. व्हर्लिनने एक बॅग बसपर्यंत नेली. तेवढं नियमात बसत होतं. वहीत लिहिलं : भेट झाली. मदत नको.

रविवारी फोन वाजला. मर्नाने तो त्याच्याकडे दिला आणि कॉफी आणायला बाहेर गेली. कॉफी ती पीत नाही.

“हवा कशी आहे आज?”

बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं.

“धुकं आहे, मॅम. काहीच दिसत नाही.”

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.

“टीव्हीवर तुमच्याकडे ऊन दाखवतायत,” बाई म्हणाल्या.

“हो, मॅम.”

“मग निवळेल ना? धुकं कधीतरी निवळतंच.”

या प्रश्नाचं उत्तर द्यायला कुठल्याच नियमाची आडकाठी नव्हती. व्हर्लिनपाशी ते नव्हतं, एवढंच.