मोळीला हात

माझं तोंड मुळातच तिखट. माहेरी शिरूर कासारला सगळे म्हणत, ही पोरगी सासरी वर्षभर टिकली तर नवल. मी टिकले, आणि त्याचं निम्मं श्रेय आमच्या ऊसतोडीच्या टोळीला जातं, हे मी कुणालाही ताठ मानेनं सांगते.

लग्नानंतरच्या दुसऱ्याच हंगामात माझं आणि थोरल्या जाऊबाईंचं वाजलं. मी पहाटे लांबून दोन हंडे पाणी आणलं होतं आणि त्यांनी न विचारता त्यानं डोकं धुतलं. मी त्यांच्या माहेराचा उद्धार केला, त्यांनी माझ्या आईचा. मग अबोला. शेजारी-शेजारी खोपी, पण पाठी फिरवलेल्या. आठव्या दिवशी दीर म्हणाले, आम्ही दुसऱ्या टोळीत जातो. माझ्या नवऱ्यानं त्या दिवशी भाकरीला हात लावला नाही. मी वरून फणकारत होते, पण आतून पार घाबरले होते. माझ्या तोंडापायी भाऊ भावापासून तुटणार होता.

आमच्या टोळीत भांडणाचा न्याय कुणी करत नाही. अबोला धरणाऱ्यांना फडात शेजारच्या पाती, म्हणजे तोडायच्या उसाच्या ओळी देतात, बस्स. उसाची मोळी एकटीला बांधता येते, पण डोक्यावर घ्यायला दुसरीचे हात लागतातच.

"आज ह्या दोघींच्या मोळीला कुणी शिवायचं न्हाई," सासूबाईंनी सांगितलं. "माझ्या लेकांनी बी न्हाई."

पुरुष मोळ्या रचायला ट्रकवर चढले. मी माझी मोळी बांधावर टेकवून डोक्यावर ओढायला गेले, ती घसरून पायावर आली. दुसऱ्यांदा बंद सुटून ऊस विखुरला. पलीकडे जाऊबाई आपल्या मोळीवर बसून बघत होत्या. ऊन डोक्यावर आलं. शेवटी त्या उठल्या, माझी मोळी पुन्हा बांधली आणि एका टोकाला वाकल्या. मी मोळी डोक्यावर घेतली, निघाले.

ट्रकपाशी मोळी टाकली आणि लक्षात आलं, त्यांची अजून खालीच आहे. मी पळत मागं गेले.

"जाऊबाई, चला, हात लावते."

"लई येळ लावलास," त्या म्हणाल्या.

दीर कुठंच गेले नाहीत.

पुढं कधीतरी मी सासूबाईंना विचारलं, ही रीत कुणी पाडली? "मीच," त्या म्हणाल्या. "माझा न् माझ्या जावंचा असाच अबोला झालता. तवा समदे मधी पडले. कुणी तिचं खरं केलं, कुणी माझं. टोळी फुटली. ती मरंपत्तोर माझ्याशी बोलली न्हाई बघ." एवढं बोलून त्या मोळ्या बांधायला उसाच्या शेंड्यांचे, वाढ्यांचे बंद वळत बसल्या.

आता सासूबाई नाहीत. नव्या सुना भांडल्या की पाती मी वाटून देते. दोघींचे नवरे कुरकुरतात, मी ऐकत नाही. ही रीत पडल्यापासून आमची टोळी फुटलेली नाही, आणि याचा मला माझ्या पोरांच्या नोकऱ्यांपेक्षा जास्त अभिमान आहे. जाऊबाई बांधावर माझ्या शेजारी येऊन बसतात.

"कोण आधी वाकंल?" मी विचारते.

"आधी मी वाकले व्हते, इसरू नको," त्या दरवेळी ऐकवतात.

कुणाचं ऐकून घेणं माझ्या स्वभावात नाही. पण हे मी एकदाही नाकारलेलं नाही.