माडीची जमीन सरळ केली तो दिवस

आमच्या माडीची फळ्यांची जमीन मागच्या भिंतीकडे उतरली होती. धान्याची कणगी कलायला लागली, तेव्हा सासऱ्यांनी जुन्नरहून सुतार बोलावले. वयस्कर मुसलमान गृहस्थ होते, सगळे त्यांना चाचा म्हणत.

त्या सकाळी तीन महिन्यांच्या मुलीला खाली पाळण्यात निजवून मी माडीवरच्या मागच्या खोलीत तिची दुपटी आणायला गेले. तेवढ्यात जिन्यावर पुरुषांची पावलं वाजली. परक्या पुरुषासमोर यायचं नाही, म्हणून मी दार लोटून घेतलं. वाटलं, बघतील आणि उतरतील. पण फळ्या उचकटल्याचा आवाज यायला लागला. फटीतून पाहिलं, तर उंबऱ्यापासून जिन्यापर्यंत फळ्यांखालच्या नुसत्या लाकडी कड्या उघड्या आणि खाली गोठा.

हाक मारली असती तर भागलं असतं. पण लग्नाला तीन वर्षं होऊनही सासऱ्यांनी माझा आवाज ऐकलेला नव्हता.

खालून मुलीचं रडणं सुरू झालं. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या की सून कुकडी नदीवर धुणं घेऊन गेलेली दिसते, अजून पत्ता नाही. माझी चोळी दुधाने भिजली. मी खोलीत इकडून तिकडे चालत राहिले.

चाचांनी कड्यांवर लांब पट्टी टाकून तिच्यावर काठोकाठ भरलेली पितळी वाटी ठेवली होती. पाणी ज्या बाजूला सांडेल तिकडच्या कडीखाली पाचर ठोकायची. पण पाणी ठरेना. त्याच कड्या माझ्या खोलीखालून जात होत्या.

"आत कुनी चालतंय का, मालक?" चाचांनी विचारलं.

"कुणी न्हाई," सासरे म्हणाले. "घर जुनं हाय, हलतं."

मी जागच्या जागी उभी राहिले. घरधन्यानेच कुणी नाही म्हटल्यावर आपण आहोत हे कसं दाखवायचं? पाणी ठरलं. पाचरीवरचे घाव माझ्या तळपायांना लागत होते. एक पाचर झाली, दुसरी झाली. मुलीचा आवाज बसला होता. ती मध्येच थांबायची, पुन्हा रडायची. ते थांबणंच मला सोसेना. मी टाच उचलली आणि फळीवर आपटली. पुन्हा आपटली.

चाचांनी हातोडी खाली ठेवली. "घर हलतं, मालक. पन असं टाचा न्हाई आपटत."

सासरे जिना उतरून गेले. चाचांनी माझ्या दारापर्यंत दोन फळ्या टाकल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसले. पदर पुढे ओढून मी त्यांच्या पाठीमागून गेले.

मुलगी आधी तोंडच लावेना, इतकी थकली होती. मग एकदम ओढायला लागली. सासूबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "पाय लई वाजत्यात तुझे."

मी मुलीला दुसऱ्या बाजूला घेतलं.