इंगवल्यांचा संघ कोणता?

विषय : माजी फुटबॉलपटू श्री. मारुती इंगवले यांच्या नावापुढे संघाचे नाव निश्चित करणेबाबत.

संदर्भ : दिल्लीतील एका क्रीडा संस्थेने आपल्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये इंगवले यांचा फोटो लावण्याचे ठरवले आहे. फोटोखाली पाटी, पाटीवर खेळाडूचे नाव आणि संघ. संघ एकच. तो खेळाडूने सांगायचा आणि त्या संघाने ‘होय, हा आमचाच’ असे लिहून द्यायचे.

सरकारी नोकरीतून निवृत्त होताना फाइली टेबलावर ठेवून येता येतात. किस्से मात्र सोबत घरी येतात, कारण त्यांचा चार्ज घ्यायला कोणी तयार नसतो. इंगवल्यांचे किस्से माझ्याकडे फार साठले आहेत. हा अर्जही मीच ड्राफ्ट केला, तेव्हा त्यातले थोडे सोबत जोडतो.

*

इंगवले कोल्हापूरचे. स्पोर्ट्स कोट्यातून आमच्या खात्यात क्लार्क म्हणून लागले आणि माझ्या शेजारच्या टेबलावर आले. म्हणजे टेबल आले. इंगवले सकाळी सही करून मैदानावर जात. आमचे सेक्शन ऑफिसर मल्होत्राजी त्यांना म्हणत, “इंगवले, कभी एक फाइल को भी किक मार दिया करो. आगे तो बढ़ेगी.”

ट्रॉफी आली की ती मल्होत्राजींच्या कपाटावर विराजमान व्हायची. तेव्हा भाषणात ‘हम जीते’ असायचे. हरलो की ‘इंगवले हार गया’. खात्याची टीम म्हणजे काय, हे मी त्या भाषणांतून शिकलो.

*

रविवारी इंगवले फरीदाबादच्या एका कारखान्याकडून खेळायचे. सरकारी नोकराला दुसऱ्या संघाकडून खेळायला बंदी होती, म्हणून तिथे ते ‘राजेश कुमार’ होते. त्या टीमचा गोलकीपर रहमतभाई, कारखान्यात फिटर. सामना संपला की दोघे एकाच डब्यात जेवायचे.

एकदा आमचे खाते आणि तो कारखाना समोरासमोर आले. राजेश कुमारला त्या दिवशी अर्थातच ताप आला होता. इंगवल्यांनी आमच्याकडून गोल मारला, तोही रहमतभाईंना चकवून. कारखान्याचे कामगार सवयीने उभे राहिले आणि ओरडले, “वाह, राजेश!”

रेफ्री इमानदार माणूस. त्याने सगळ्या मैदानाच्या तोंडी असलेले नाव लिहून घेतले. राजेश कुमार कारखान्याच्या खेळाडूंत असल्यामुळे तो कारखान्याचा स्वयंगोल ठरला. आम्ही जिंकलो. मल्होत्राजी रिपोर्ट वाचून म्हणाले, “चलो, मैच तो निकल गया. पर अपना इंगवले आज चला ही नहीं, यार.”

*

हॉल ऑफ फेमचे पत्र आले तेव्हा इंगवल्यांना पोटाचा कॅन्सर झालेला होता. डॉक्टरांनी त्यांच्या पत्नीला, शालनवहिनींना, बाजूला घेऊन काय सांगायचे ते सांगितले होते.

आमचे खाते आता दुसऱ्या खात्यात विलीन झाले आहे. नव्या कार्यालयाने उत्तर दिले की, असा संघ आमच्या अभिलेखात आढळत नाही. तथापि सत्कार होणारच असेल तर पाटीवर आमच्या कार्यालयाचे नवीन नाव यावे. त्या कार्यालयात इंगवल्यांनी पाऊलही ठेवलेले नाही. मला उत्तराची भाषा मात्र ओळखीची वाटली. तशी पत्रे मी आयुष्यभर लिहिली.

फरीदाबादहून रहमतभाई मेट्रोने आले. कारखान्याच्या जागी आता मॉल आहे. पलंगाजवळ खुर्ची ओढून ते म्हणाले, “राजेश, फैक्टरी का नाम लिखवा दे. कहीं तो लिखा रहे.”

इंगवल्यांनी त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. वहिनींनी दिलेला चहा तसाच गार झाला. रहमतभाई गेल्यावर इंगवले मला म्हणाले, “सबनीस, वाईट वाटतंय रे. पण पाटीवर माझ्या पेठेचंच नाव टाक. ‘आमचा’ म्हणून तिकडून एकदा लिहून आलं की मी सुटलो.”

वहिनी कपबशा उचलत होत्या. “ज्यांनी उभ्या जन्मात दारात येऊ दिलं नाही, त्यांच्यासाठी जीव टाकताहेत,” असे त्या मला उद्देशून म्हणाल्या. ऐकायचे होते ते पलंगावर होते.

*

हे प्रकरण इंगवल्यांनी मला ऑफिसच्या कँटीनमध्ये एकदाच सांगितले होते. कोल्हापुरात प्रत्येक पेठेची तालीम आणि तालमीची फुटबॉल टीम. मूल जन्माला येते तेच एका टीमचे होऊन येते. बारशाला नाव ठेवायचे तेवढे बाकी असते.

दिल्लीची नोकरी लागल्यावर इंगवले रजा घेऊन गावच्या स्पर्धेला गेले. तालमीने सांगितले, “तू आता दिल्लीचा. बस भाईर.” ते बाहेर बसले. समोरच्या पेठेचा एक माणूस कमी होता. त्यांनी इंगवल्यांना विचारले. खेळायला म्हणून इतक्या लांब गेलेला तरुण माणूस, त्यांची जर्सी घालून उतरला आणि आपल्याच पेठेवर गोल मारून बसला.

वडील गॅलरीत होते. त्या दिवसापासून ते मुलाशी बोलले नाहीत. पुढे ते गेले तेव्हा इंगवले दिल्लीहून पोचले. अंत्ययात्रेत तालमीची पोरे खांद्याला होती. मुलगा मागून चालत होता.

एवढे सांगून इंगवले म्हणाले होते, “कटलेट गार झालं बघ तुझं.”

*

शेवटी आमच्या पत्रावर तालमीचा फोन आला. अध्यक्ष आबा, इंगवल्यांच्या वडिलांचे जोडीदार, आता अगदी थकलेले. वहिनींनी फोन स्पीकरवर करून उशीजवळ ठेवला. मी पायथ्याशी बसलो होतो.

आबा म्हणाले, “मारुती, सही करतो. कागद म्होरंच हाय. पण जुनी माणसं बसल्यात हितं. त्या गोलाची माफी तेवढी माग. चुकलं म्हण, बास.”

वहिनींनी मान हलवून त्यांना खुणावले, म्हणा. मीही खुणावले. इंगवल्यांनी धाप लागत विचारले, “आबा, तुम्ही बघितला हुता का त्यो गोल?”

“बघितला की.”

“कसा हुता?”

तिकडे कोणीतरी खोकले. मग आबा म्हणाले, “खोटं कशाला बोलू. तसला गोल पुन्ना बघितला न्हाई. तुझ्या बानं टाळी वाजवाय हात उचललं हुतं. म्याच धरलं.”

फोन चालू होता. तिकडून आबा दोनदा “मारुती?” म्हणाले.

“हाय,” इंगवले म्हणाले. “माफी न्हाई मागत, आबा.”

आणि त्यांनी बोटाने चाचपत फोन स्वतःच बंद केला.

*

श्री. इंगवले यांचे त्याच आठवड्यात निधन झाले. संस्थेने फोटो लावला आहे. संघाची ओळ कोरी आहे. अर्ज प्रलंबित आहे.