मांजरीत विसरलेला डबा

मंडळी, आज पुण्याजवळच्या मांजरी गावात एका मावशींनी मला फार प्रेमानं झापलं.

मी ज्या प्रकल्पात काम करते, त्यात कॉलेज, व्यापारी आणि सरकारी कार्यालयं मिळून पुण्याभोवतीच्या भाजी पिकवणाऱ्यांची माहिती गोळा करतात. आज तिसऱ्यांदा फॉर्म घेऊन शांतामावशींच्या ओट्यावर बसले. मेथी किती, पेरली कधी, विकली कुठे?

"दोनदा सांगितलं की. त्याचं काय केलंस?"

"अहवाल केला, मावशी."

"मग मला कुठं दावलास?"

तो अहवाल मी किती एसी हॉलमध्ये सादर केलाय! या ओट्यावर एकदाही नाही.

लॅपटॉप उघडून अहवाल त्यांच्यापुढे धरला. गावात सगळे एकाच आठवड्यात मेथी पेरतात आणि मग भाव पडतो, हे त्यात सरळ दिसत होतं. मावशींनी शेजारणींना हाका मारल्या. अर्ध्या तासात चौघींनी पेरणीचे आठवडे आपसात वाटूनही घेतले. आमच्या समितीला तेवढ्या वेळात पुढच्या बैठकीची तारीखसुद्धा ठरवता येत नाही.

निघताना मावशींनी मागच्या खेपेला मी विसरलेला डबा हातात दिला. चांगला जड लागला. आत शेंगदाण्याचे लाडू होते.

"अहो, हे कशाला?"

"कुणाचा डबा रिकामा देऊ नये गं."

दोनदा मी त्यांच्याकडून माहिती भरभरून नेली आणि दोन्ही वेळा त्यांच्याकडे परत आले ती रिकाम्या हातानंच.

तुमच्याकडे राहिलाय का असा कुणाचा डबा?